वाचकांचे प्रश्न : वैद्यकीय पथकातला हा ‘एडवर्ड’ कोण?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून भय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात माझे अधूनमधून जाणे असते. अलीकडे एका परिचिताने डॉ. कोटणीसांवरील एका चिनी लेखाची दोन पाने मला आणून दिली. मला चिनी येत नाही, म्हणून मोबाइलवरील भाषांतराच्या अ‍ॅपमधून ती पाने वाचली. त्यात ‘भारतीय वैद्यकीय पथकाचे प्रमुख एडवर्ड होते’ असे वाक्य निघाले. १९३८ साली चीनला गेलेले पाचही डॉक्टर भारतीय होते, असे मी वर्गात शिकवीत आलो आहे. शिवाय ‘कोटणीस’ हे नाव कोठेच न येता ‘के दिहुआ’ असे काहीतरी येत होते. यंत्राने हा एडवर्ड कोठून आणला? आणि चिनी मजकुरात एखादे परके नाव दडले आहे, हे यंत्राला मुळात कळते तरी कसे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण वर्गात शिकवले ते बरोबरच आहे. आपला एडवर्ड म्हणजे डॉ. मदन अटल. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि कोलकात्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी या पाचही जणांना चीनमध्ये चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘ह्वा’ हे चीन देशाचे वाचक असलेले अक्षर जोडले गेले. अटल यांच्या आडनावाचा ध्वनी ‘आय-त’ या दोन अक्षरांत बसवला आणि पुढे ‘ह्वा’ जोडले, त्यामुळे त्यांचे नाव ‘आय-त-ह्वा’ असे झाले. योगायोग असा की इंग्रजीतील ‘एडवर्ड’ हे नाव चिनीत लिहिताना नेमकी हीच तीन अक्षरे याच क्रमाने वापरतात; इंग्लंडच्या त्या नावाच्या राजांचे उल्लेखही असेच असतात. यंत्राने शिकताना ही तीन अक्षरे असंख्य वेळा एडवर्डसाठी पाहिलेली असणार आणि अटलांसाठी क्वचितच, तेव्हा त्याने बहुमताचा कौल घेतला.

(पुढे जाण्यापूर्वी उच्चारांविषयी थोडेसे. मी चिनी अक्षरे उच्चाराच्या जवळ जातील अशा देवनागरीत लिहीत आहे. रोमन लिपीत जेथे ‘डी’ दिसतो, तेथे चिनी माणसाच्या तोंडून आपल्या ‘त’च्या जवळचा ध्वनी निघतो; म्हणून आपल्या अ‍ॅपमधील ‘के दिहुआ’ येथे ‘ख-ती-ह्वा’ असे दिसेल.)

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चिनी लेखनात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत आणि इंग्रजीप्रमाणे विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे काढण्याची सोयही तेथे नाही. वाक्य म्हणजे एकामागून एक सारख्याच अंतरावर मांडलेल्या अक्षरांची सलग ओळ असते आणि शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे असते. त्यातून प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो. आपण ‘टागोर’ लिहितो तेव्हा ‘टा’, ‘गो’ आणि ‘र’ यांना वेगवेगळा अर्थ आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. पण चिनीत टागोर ‘थाय-क-अर’ असे लिहितात आणि त्या तीन अक्षरांचे सुटे अर्थ साधारण ‘निवांत’, ‘भाल्यासारखे एक जुने शस्त्र’ आणि जुन्या भाषेतील ‘तू’ असे होतात. गांधी तर ‘कान-ती’ म्हणजे ‘गोड जमीन’ होतात. चिनी वाचक हे वाचताना निवांतपणाचाही विचार करीत नाही आणि भाल्याचाही. अक्षरे एकमेकांशी अर्थाने जुळेनाशी झाली की येथे फक्त ध्वनी घ्यायचा आहे, हे त्याला सरावाने कळते. हा सराव यंत्राला द्यायचा, एवढाच या विद्येचा गाभा आहे.

तो देणे शक्य होते, कारण परकी नावे लिहिताना वाटेल ते अक्षर घेत नाहीत. चीन सरकारने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाण अक्षरांच्या यादीत ८१०५ अक्षरे आहेत, परंतु परक्या नावांच्या लेखनात त्यांपैकी काही शेच पुन्हा पुन्हा येतात. ‘स’साठी एक ठरावीक अक्षर, ‘क’साठी एक, शब्दाच्या शेवटी येणाऱ्या ‘र’ आणि ‘ल’ या दोहोंसाठी मिळून एकच, असा तो ठेवणीतला संच आहे. शिन्ह्वा या सरकारी वृत्तसंस्थेने यासाठी तक्ते ठरवलेले आहेत आणि तिने तयार केलेला जगभरच्या व्यक्तिनावांचा मोठा कोश १९९३ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांच्या नावांसाठी ‘ना’, ‘ली’ यांसारख्या ध्वनींची वेगळी, स्त्रीसूचक किंवा फुलापानांशी नाते सांगणारी अक्षरे घेण्याचा संकेतही पाळला जातो, त्यामुळे नाव पुरुषाचे की स्त्रीचे याचा अंदाजही पुष्कळदा अक्षरांवरूनच बांधता येतो.

यंत्राचे गणित असे चालते. समजा, परक्या नावांच्या यादीत ‘स’चे ते अक्षर दर हजार अक्षरांमागे ५० वेळा येते आणि एरवीच्या मजकुरात दर हजारी केवळ एकदा, तर ते दिसताच ‘हे नाव असावे’ या बाजूचे पारडे पन्नास पटींनी जड होते. शेजारचे अक्षर नावांत दहापट अधिक येणारे असेल, तर गुणाकार ५०० पटींवर जातो. पुढचे अक्षर ‘पाणी’ किंवा ‘खाणे’ अशा अर्थाचे, नावांत जवळजवळ न येणारे निघाले, की पारडे झपाट्याने वर येते आणि नाव तेथे संपले असे मानता येते. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. खरे आकडे यंत्र मजकूर मोजूनच काढते. रिचर्ड स्प्रोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली चिनी वाक्याचे शब्द पाडण्याची जी संभाव्यतेवर आधारलेली पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात लिप्यंतरित परक्या नावांची अशी वेगळी दखल घेतलेली होती.

एवढ्यावर काम भागले असते तर फार सोपे झाले असते. अडचण येते ती नावाच्या कडेला. ‘ओबामा गाडीत चढले’ हे चिनी वाक्य पाच अक्षरांचे आहे : ‘आव-पा-मा-शांग-छ’. पहिली तीन अक्षरे म्हणजे ओबामा, ‘शांग-छ’ म्हणजे गाडीत चढणे. पण मधला ‘मा’ म्हणजे घोडा, आणि ‘मा-शांग’ ही जोडी म्हणजे शब्दशः ‘घोड्यावर’ व रोजच्या भाषेत ‘ताबडतोब’. (आपणही घाई करणाऱ्याला ‘घोड्यावर बसून आलास का’ असे विचारतोच.) ‘मा-शांग’ हा अत्यंत वापरातला शब्द असल्याने केवळ शब्दकोश हाताशी धरून चालणारे यंत्र येथे हमखास फसते : ते ‘आव-पा’ नावाच्या कोणा माणसाला बाजूला काढते, त्याच्यापुढे ‘ताबडतोब’ लावते आणि उरलेली गाडी तशीच उभी ठेवते. म्हणून एकेका अक्षराचा निकाल सुटा न लावता सबंध ओळीचा निकाल एकत्र लावावा लागतो. प्रत्येक अक्षराला ‘नावाचा आरंभ’, ‘नावाचा मध्य’, ‘नावाचा शेवट’ किंवा ‘नावाबाहेरचे’ यांपैकी एक खूण द्यायची आणि खुणांच्या सर्व शक्य ओळींपैकी जिचे एकूण वजन सर्वाधिक भरेल ती निवडायची, अशी ही रीत आहे. चिनी शब्द पाडण्यासाठी अक्षरांना अशा खुणा देण्याची कल्पना न्यानवेन श्वे यांनी २००३ साली मांडली, आणि खुणांच्या ओळी तोलण्याचे ‘कंडिशनल रँडम फील्ड’ हे गणित त्याआधी, २००१ साली, लॅफर्टी, मॅकॅलम व परेरा यांनी दिलेले होते. तोलताना अक्षराच्या जोडीने शेजारपाजारही पाहतात : पुढे ‘राष्ट्राध्यक्ष’, ‘डॉक्टर’, ‘श्रीयुत’ असा शब्द आहे काय, मागोमाग ‘म्हणाले’ आले आहे काय, आणि नाव व आडनाव यांच्यामध्ये चिनी छपाईत जो उंचावरचा ठिपका देतात तो आहे काय. २०१८ नंतर आलेली ‘बर्ट’सारखी मॉडेले, म्हणजे मजकुरावरून शिकणाऱ्या संगणक-प्रणाली, असा शेजार कोणी हाताने मांडून न देताही अफाट मजकूर वाचून स्वतःच शिकतात; चिनीसाठी तीही अक्षर-अक्षर करूनच वाचतात.

आता आपल्या ‘ख-ती-ह्वा’कडे येऊ. डॉक्टरांच्या आडनावाचे पूर्ण लिप्यंतर ‘ख-ती-नी-स’ असेही आढळते, आणि ते यंत्राला चटकन ओळखता येते, कारण ‘नी’ आणि ‘स’ ही दोन्ही ठेवणीतली अक्षरे आहेत. परंतु रूढ झाले ते ‘ख-ती-ह्वा’, आणि त्याची घडण पूर्णपणे चिनी आहे. ‘ख’ हे खरोखरीचे चिनी आडनाव आहे. आधी एका अक्षराचे आडनाव आणि मग दोन अक्षरांचे नाव हाच तेथील सर्वांत परिचित साचा आहे. आणि ‘ती-ह्वा’ ही जोडी तर जुन्या चिनी काव्यात एका झुडपाच्या फुलांवरून भावाभावांच्या प्रेमासाठी आलेली आहे. असे नाव पाहून यंत्राने ‘हा कोणी चिनी गृहस्थ’ असे ठरवले, तर मी त्याला फारसा दोष देणार नाही. युद्धकाळात चीनमध्ये रुग्णसेवा केलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या ‘पाय-छ्यू-अन’ या चिनी नावाची गतही तशीच आहे, कारण ‘पाय’ हेही चिनी आडनाव आहे. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे कोटणीस हे पहिले संचालक, त्यामुळे एकाच वाक्यात ही दोन्ही नावे येणे अगदी स्वाभाविक आहे आणि अशा वाक्यात यंत्राला दोन चिनी माणसे दिसू शकतात.

येथे दोन कामे वेगळी आहेत, हे ध्यानात घ्यावे. अमुक अक्षरे मिळून एक नाव होते हे ओळखणे हे पहिले काम, आणि ते नाव कोणाचे हे सांगणे हे दुसरे. आपल्या अ‍ॅपने अटलांच्या बाबतीत पहिले काम बिनचूक केले व दुसऱ्यात ते घसरले. त्या वाक्यात भारत, पथक, १९३८ आणि इतर चौघांची नावे असताना हा एडवर्ड असणे शक्य नाही, हे समजण्यासाठी व्यक्तींची माहिती साठवलेला कोश हाताशी ठेवून त्याच्याशी संदर्भ ताडून पाहावा लागतो. बरीचशी भाषांतराची अ‍ॅपे तेवढा खटाटोप न करता वाक्य सरळ दुसऱ्या भाषेत ओततात. तेव्हा आपल्यापाशी असलेल्या पानांवर पेन्सिलीने ‘अटल’ लिहून ठेवणे, हा आज तरी सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चिनी मजकुरातील भारतीय नावे शोधणारा छोटा प्रकल्प आम्ही तिघी मैत्रिणी करू इच्छितो. आम्हाला चिनी येत नाही. खुणा केलेला मजकूर कोठून मिळवावा, आणि आमचे मॉडेल बरोबर चालते आहे हे कसे ठरवावे?
— एक विद्यार्थिनी, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : पेकिंग विद्यापीठाने जानेवारी १९९८ मधील ‘पीपल्स डेली’ या वृत्तपत्राच्या मजकुरावर शब्द व विशेषनामे यांच्या खुणा करून तो अभ्यासकांसाठी प्रसिद्ध केला आहे, आणि चिनी भाषेवरील संगणकीय कामाच्या २००६ सालच्या ‘सिगहान’ स्पर्धेत नावे ओळखण्याचा स्वतंत्र विभाग होता, या क्षेत्रातील पुष्कळ काम अशा मजकुरावरच झाले आहे. परंतु भारतीय नावे त्यात तुरळक असणार, तेव्हा आपल्याला स्वतःची भर घालावी लागेल.

येथे मघाशी सांगितलेला उंच ठिपका उपयोगी पडतो. ठिपक्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरे बहुधा परक्या नावाचीच असतात. प्रथम तेवढीच नावे गोळा करा, त्यांत कोणती अक्षरे किती वेळा येतात ते मोजा, आणि त्या मोजणीच्या आधारे ठिपका नसलेली नावे शोधा. नवी सापडलेली नावे तपासून पुन्हा मोजणीत मिळवा. विरजण लावून दही, त्याच दह्याचे पुन्हा विरजण, असा हा प्रकार आहे, आणि धोकाही तोच आहे : पहिले विरजण बिघडलेले असेल तर पुढचे सगळे नासते. हा ठिपका जुन्या ग्रंथाचे नाव आणि त्यातील प्रकरण यांच्यामध्येही देतात. शिवाय उइगूर व अन्य काही समाजांतील चिनी नागरिकांची नावेही ठिपका देऊन, ध्वनीनुसार लिहिली जातात. ती लिप्यंतरित आहेत पण परदेशी नाहीत. आपण नेमके काय शोधणार आहोत, हे तिघींनी बसून आधी कागदावर लिहून काढावे.

तैवानमधील मजकूर सरसकट मिसळू नका. तेथील लिपीची जुनी वळणे वेगळी आहेतच, पण नावेही वेगळी लिहितात. ट्रम्प हे चीनमध्ये ‘थ-लांग-फू’ आहेत, तैवानमध्ये ‘छ्वान-फू’. आणि ‘छ्वान-फू’ या दोन अक्षरांचा दुसरा अर्थ सिच्वान प्रांताच्या हेलात बोललेली प्रमाण चिनी असा होतो. सिडनी शहर तैवानमध्ये ‘श्वे-ली’ लिहितात, आणि हेच एका जातीच्या नासपतीचेही नाव आहे. एका बाजूच्या मजकुरावर शिकलेले मॉडेल दुसऱ्या बाजूला का अडखळते, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

मोजमापाविषयी माझा आग्रह थोडा कडक आहे. दोन आकडे द्यावे लागतात : मॉडेलने ‘नाव’ म्हणून दाखवलेल्यांपैकी खरी नावे किती, आणि मजकुरातील खऱ्या नावांपैकी मॉडेलला सापडली किती. पहिल्या आकड्याला अचूकता म्हणू, दुसऱ्याला व्याप्ती. टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस फार कडक असेल तर चांगला मालही बाद होतो आणि सैल असेल तर डागी माल पुढे जातो; येथेही एक आकडा वाढवला की दुसरा घसरू पाहतो. ‘आव-पा-मा’ऐवजी ‘आव-पा’ पकडले, तर ते अर्धे बरोबर धरू नये. एक नाव चुकीचे दाखवले आणि एक खरे नाव निसटले, अशी ती दुहेरी चूक मोजावी.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मला वारंवार दिसणारी चूक मात्र आणखी वेगळीच आहे. शिकवण्याचा आणि परीक्षेचा मजकूर वेगळा ठेवताना वाक्ये वाटली जातात, नावे नव्हेत. ‘मो-ती’ (मोदी) हे नाव शिकवणीच्या शंभर वाक्यांत आले आणि परीक्षेच्या वीस वाक्यांतही आले, तर मॉडेलने ओळखायला शिकले की फक्त पाठ केले, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. परीक्षेतली निदान अर्धी नावे शिकवणीत अजिबात न आलेली ठेवा. गुण कमी पडतील, पण ते खरे असतील. आणि चिनी जाणणाऱ्या एका व्यक्तीकडून परीक्षेच्या मजकुरावर हाताने खुणा करून घेतल्यावाचून कोणताही आकडा अहवालात घालू नका.

पद्धत निवडताना थेट मोठ्या मॉडेलवर उडी मारू नये, असे माझे मत आहे. आधी नुसत्या अक्षरांच्या मोजणीवर काय मिळते ते पाहावे, मग खुणांच्या ओळी तोलणारी रीत लावावी, आणि मग बर्ट. तिन्हींच्या चुका शेजारी शेजारी मांडल्या, तर त्या तक्त्यातून आपल्याला अंतिम गुणांपेक्षा जास्त शिकायला मिळेल.

प्रश्न : मी येथील एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करतो. मराठीत शब्दांमध्ये जागा असते, त्यामुळे नावे ओळखण्याची ही कटकट आपल्याकडे नसावी. माझे बरोबर आहे ना?
— एक वाचक, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : अर्धे बरोबर आहे. शब्द पाडण्याचे काम आपल्याकडे बहुतांशी होऊन आलेले असते, पण मोठे अक्षर देवनागरीतही नाही, आणि आपली नावे म्हणजे बहुधा साधे शब्दच असतात. ‘विजय झाला’ आणि ‘प्रकाश पडला’ या दोन वाक्यांत माणसे आहेत की नाहीत, हे आपणही मागचे-पुढचे वाचूनच सांगाल. प्रकाश अंगणात पडला की जिन्यावरून, यावर सगळे अवलंबून आहे.

काही ठिकाणी मात्र मराठीचे व्याकरण यंत्राला आपणहून खूण करून देते. ‘आशा’ ही भावना असेल तर विभक्ती लागताना तिचे रूप बदलते आणि आपण ‘आशेने’, ‘आशेला’ असे लिहितो. ‘आशा’ ही बाई असेल तर ‘आशाने’, ‘आशाला’. ‘मोठ्या आशेने आला’ आणि ‘आशाने बोलावले म्हणून आला’ यांतला फरक मुद्रितशोधक म्हणून आपण न विचार करता पाळत असाल. पुरेसा मजकूर मिळाला तर यंत्रही तो पाळायला शिकते, आणि शब्दाच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांकडे लक्ष द्यायला त्याला मुद्दाम सांगितले तर लवकर शिकते. सोलापुरात काम करताना आपल्याला याहून अवघड वाटणारी गोष्ट बहुधा तेलुगू आणि कानडी आडनावांची असेल. ती मराठीत ध्वनीवरून लिहिली जातात आणि त्यांना चिनीसारखा ठरलेला अक्षरसंच नाही, त्यामुळे एकाच घराण्याचे आडनाव लग्नपत्रिकेत एका तऱ्हेने, दुकानाच्या पाटीवर दुसऱ्या तऱ्हेने आणि मतदारयादीत तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले सापडते. यंत्राच्या लेखी ती तीन घराणी होतात. मराठीतील ‘कोटणीस’ आणि हिंदीतील ‘कोटनीस’ यांचेही तसेच होते, आणि ‘ख-ती-ह्वा’ धरले तर एकाच डॉक्टरांची तीन माणसे तयार होतात.